दिवसा झोपणाऱ्यांची बाग

एप्रिल लागला की आमच्या पत्र्याला कंठ फुटतो. सकाळी ऊन जरा वर चढलं की पहिला आवाज येतो, टक्क. मग थोडा वेळ काही नाही. मग एकदम दोन-तीन ठिकाणी. नव्या माणसाला वाटतं, वर मांजर चाललंय किंवा शेजारच्या पोराने खडा मारला. आम्हाला ठाऊक असतं की पत्रा तापून ताणला जातोय आणि आता संध्याकाळपर्यंत या खोलीत राहायचं म्हणजे तव्यावर राहायचं. यंदाही तो आवाज आला. गुरुवार होता, आमच्या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या सुट्टीचा वार, म्हणून मी घरीच होतो. चहाचा कप अजून हातातच होता आणि माझ्या डोळ्यांवर झोप आली. भर सकाळी, रात्रभर गाढ झोपून उठलेलो असताना. आता मला रात्रपाळी नाही. रात्री मी चांगला घोरतो, बायको साक्षीला आहे. तरी उन्हाळ्यातला तो पत्र्याचा आवाज ऐकला की माझं अंग झोप मागायला लागतं. काही वर्षांपूर्वीच्या एका उन्हाळ्यात जी झोप राहून गेली, ती हे अंग अजून विसरलेलं नाही.

आम्ही मूळचे परभणीकडचे. लग्न झालं तसा इकडे आलो. तळवड्याच्या अलीकडे, गावच्या एका जुन्या शेतकऱ्याने आपल्या उरल्यासुरल्या रानात ओळीने खोल्या काढल्या आहेत, त्यातली एक आमची. मालकांना लहानथोर सगळे तात्या म्हणतात. कंपनी महाळुंग्याला, प्रेस शॉपमध्ये. गाडीच्या दाराचे, बॉनेटचे पत्रे दाबून आकाराला आणायचे हे काम. पत्र्याखाली झोपायचं आणि पत्रा दाबायला जायचं, असा माझा एकूण पत्र्याशी घरोबा आहे. त्या वर्षी मी रात्रपाळी मागून घेतली होती. दर आठवड्याला पाळी बदलली की शरीराचा पार गोंधळ उडतो, त्यापेक्षा कायमची रात्र बरी असं वाटलं. शिवाय रात्री साहेबलोक कमी आणि कटकटही कमी. रात्रीचं काम मला कधी जड गेलं नाही. जड गेला तो दिवस.

दिवसा झोपणाऱ्या माणसाला जगात मान नाही. रात्री झोपलेल्या माणसासाठी सगळं जग पाय न वाजवता चालतं, दिवसा झोपलेल्याला मात्र भंगारवाला उठवतो, कांदे-बटाट्याच्या टेम्पोवरचा भोंगा उठवतो, शेजारचा कुकर उठवतो. आमच्या घरात तर बायकोचं पिको-फॉलचं मशीन. ती बिचारी मी झोपलो की ते थांबवायची, पण गिऱ्हाईक बाई दारात उभी राहिली की काय करणार? "हे झोपलेत," असं ती हळूच सांगायची, आणि सांगताना तिचा आवाज असा व्हायचा की जणू "हे आजारी आहेत." ती बाई आत डोकावून माझ्याकडे बघायची. घामाने निथळणारा, तोंडावर ओला टॉवेल घेतलेला माणूस. मी जागाच असायचो. आणि वर पत्रा, टक्क.

म्हणून मी बागेत जाऊ लागलो.

बाग म्हणायचं ते सवयीने. आमच्या ओळीच्या पलीकडे, रस्ता ओलांडला की एक मोठा तुकडा होता. पूर्वी कधीतरी तिथे बाग झाली होती. कमानीवरची अक्षरं गळून गेली होती. कारंज्याच्या हौदात फुटक्या फरश्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या. सी-सॉ होता, पण त्याची फळी कोणीतरी नेली होती, नुसता खांब उरला होता. घसरगुंडीला भोक पडलेलं. ती बाग कोणाच्याच लक्षात राहिलेली नव्हती. पण झाडांना कोणी लक्षात ठेवावं लागत नाही, ती आपली वाढत होती. मागच्या भिंतीला सुबाभळींचं रान माजलं होतं, त्यात दोन विलायती चिंचा, एक जुना कडुनिंब. खाली फांद्या इतक्या वाकलेल्या की वाकूनच आत शिरावं लागे. आणि आत सावली अशी की बाहेर डांबर वितळत असताना तिथली माती हाताला गार लागायची.

तिथे आधीपासून माणसं झोपत होती. सगळी रात्रपाळीची. सकाळी कंपन्यांच्या बसेस चौकात माणसं सोडून गेल्या की जो तो घरी जाऊन दोन घास खायचा आणि मग एकेक जण रस्ता ओलांडून बागेत यायचा. कोणाचा शर्ट निळा, कोणाचा करडा, कोणाचा खाकी. कोणती कंपनी ते शर्टावरून कळायचं, नावं फार कोणाला माहीत नव्हती. ज्याची त्याची जागा ठरलेली. पुठ्ठा अंथरायचा, त्यावर चादर, बूट काढून उशाला घ्यायचे, म्हणजे उशीही झाली आणि कुत्र्यांनी बूट पळवायची भीती नाही. बोलायचं नाही, हा नियम कोणी केला नव्हता पण सगळे पाळायचे. बीडकडचा नामदेव तेवढा बोलायचा. माझ्या शेजारची जागा त्याची. मी आलो की डोळे न उघडताच म्हणायचा, "आलात का? पडा." बस. तेवढं ऐकलं की मला झोप लागायची.

एक गंमत सांगतो. सावली सरकते, तसे आम्ही झोपेतच सरकायचो. ऊन पायाला लागलं की माणूस डोळे न उघडता थोडा बाजूला व्हायचा, त्याच्या धक्क्याने शेजारचा, त्याच्याने त्याच्या शेजारचा. संध्याकाळी उठून बघावं तर सगळी ओळ पार दुसऱ्या टोकाला गेलेली असायची आणि आपला पुठ्ठा कुठे, आपण कुठे. मला हसू यायचं. असली गाढ झोप मला आयुष्यात पुन्हा लागली नाही.

घरी मात्र मी हे सांगितलं नव्हतं. नामदेवच्या खोलीवर झोपतो, त्याच्याकडे वर स्लॅब आहे, असं सांगायचो. बायकोमुलं असलेला, अंगावर कंपनीचा शर्ट असलेला माणूस उघड्यावर मातीत झोपतो हे कसं सांगायचं? बायकोने मशीन कायमचं बंद केलं असतं. आणि मुलीला काय वाटलं असतं, ते मला नंतर कळलंच.

माझी मुलगी कोमल. तेव्हा ती आयटीआयला होती, वेल्डर ट्रेडला. मुलगी वेल्डर होणार म्हणून गावाकडे सगळ्यांनी नाकं मुरडली होती. मी हट्टाने घातलं होतं. वर्गात मुली मोजक्याच, पण ही कोणाला हार जायची नाही. त्या मार्चमध्ये एकदा ती संध्याकाळी घरी आली ती रागाने थरथरत. बागेच्या कमानीपाशी संध्याकाळी दारू पिणारी टोळकी बसायची, त्यातला एक जण काहीतरी बोलला होता आणि मागे चार पावलं आला होता. मी जायला उठलो तर म्हणाली, "तुम्ही नका जाऊ पप्पा. तुम्ही एक दिवस जाल. मला रोज त्याच रस्त्याने यायचंय." रात्रभर ती कूस बदलत होती असं तिच्या आईने सांगितलं. सकाळी उठली ती एकच गोष्ट डोक्यात घेऊन. बाग साफ करायची. उजेड करायचा. बायका-मुली बसतील अशी करायची.

पोरं जमवायला तिला वेळ लागला नाही. आयटीआयमधली मुलं, आमच्या ओळीतल्या दोन-तीन मुली, गणपती मंडळातली पोरं. कुठून परवानगी काढली, कोणाकोणाला भेटले, देव जाणे. तात्या त्यांच्या बाजूने उभे राहिले. ही जमीन एके काळी त्यांच्याच घरची. एका संध्याकाळी ते काठी टेकत कमानीपाशी आले आणि पोरांना म्हणाले, "हितं आमची हरभऱ्याची पट्टी व्हती. गेली ती गेली, त्याचं काय न्हाई. पर नुसती घाण व्हऊन पडलीया, ते बघवत न्हाई. करा तुमी. आमी हाय." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी मागे उभा होतो, मीही वाजवल्या.

पोरं काम करायची पहाटे आणि संध्याकाळी. दुपारच्या उन्हात कोण येणार? म्हणून आमची नि त्यांची गाठच पडायची नाही. ते बघायचे ते आमच्या खुणा. एक दिवस जेवताना कोमल म्हणाली, "पप्पा, मागच्या बाजूला बघा तरी जाऊन. पुठ्ठे अंथरलेत, झुडपांत चादरी खुपसून ठेवल्यात. पडीक लोकांचा अड्डा झालाय नुसता. आधी ते रान साफ करणार आहोत. लपायला जागाच नाही ठेवायची." बायको म्हणाली, "बरोबर आहे बाई तुझं." मी भाकरी मोडत होतो. त्या चादरींतली एक माझी होती.

तिचं चूक नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. ज्या झुडपात दुपारी मी झोपायचो, त्याच झुडपाच्या अंधाराची तिला संध्याकाळी भीती वाटायची. एकाच सावलीत दोघांचं काय काय दडलेलं असतं, ते एका घरात राहूनसुद्धा आम्हाला कळलं नाही. तिला कळायला मार्ग नव्हता. मला कळलं, तर माझं तोंड उघडेना.

मग तो रविवार आला. पोरांनी दिवसभर राबायचं ठरवलं होतं. सकाळी आम्ही नेहमीसारखे जेवून आलो तर बागेत कुऱ्हाडी चाललेल्या. आम्ही रस्त्याच्या अलीकडे, पानटपरीच्या छपराखाली थांबलो. एकेक जण येत गेला आणि थांबत गेला. निळे शर्ट, करडे शर्ट, प्रत्येकाच्या हातात पाण्याची बाटली. डोळे तांबारलेले. समोर सुबाभळी पडत होत्या. पोरांना वाटलं, लोक कौतुकाने बघतायत. कोमलने मला त्यात ओळखलं आणि खुशीत हात केला. मग सगळ्यांना उद्देशून ओरडली, "काका, नुसतं बघताय काय? या की हातभार लावायला!"

पुढे जे झालं ते आमच्यासारख्यांच्याच हातून होऊ शकतं. आम्ही गेलो. रात्रभर मशीनवर उभी राहिलेली ती सगळी माणसं, ज्यांना त्या क्षणी फक्त आडवं व्हायचं होतं, ती रस्ता ओलांडून आत गेली आणि आपलंच अंथरूण उपटायला लागली. एका पोरीने बोलावलं, आणि आपण कामकरी माणसं, काम चाललेलं दिसत असताना नाही कसं म्हणायचं? नामदेवने ओंडके ओढले. मी पुठ्ठे गोळा केले. खाकी शर्टातल्या एका म्हाताऱ्याने आपली चादर झुडपातून काढली, घडी घातली आणि पिशवीत टाकली. एका मुलाने त्याला विचारलं, "काका, तुम्हाला कुठे सापडली?" तो म्हणाला, "पडली व्हती हितंच." नामदेव माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काय म्हनावं आता. लेकरं चांगलं काम करालेत. आपन कुठंबी पडू." दुपारपर्यंत मागची भिंत पार उघडी झाली. कडुनिंब ठेवला, पण खालच्या फांद्या छाटून वरपर्यंत. लखलखीत ऊन आलं. पोरांनी आम्हाला सरबत दिलं आणि सगळ्यांचा एकत्र फोटो काढला. त्या फोटोत आम्ही सगळे हसतोय.

बाकांचं काम मे महिन्याच्या तोंडावर निघालं. कुठल्याशा वर्कशॉपने भंगारातले पाइप दिले होते. कोमलने स्वतः आखणी केली होती. बाक लांब, पाठ टेकायला पट्ट्या, आणि प्रत्येक बाकाच्या बरोबर मध्ये एक आडवा दांडा, हात टेकायच्या दांड्यासारखा. मी विचारलं, "हा मध्ये कशाला?" तिने वेल्डिंगचा काळा मुखवटा कपाळावर सारला. चेहरा घामाने चमकत होता. "कोणी आडवं पडू नये म्हणून," ती म्हणाली. "नाहीतर पुन्हा येऊन झोपतील पप्पा. बसायला दोघांना मस्त जागा होते, झोपायला मात्र नाही. माझी आयडिया आहे." ती हे इतक्या खुशीत बोलली, की मी म्हणालो, "झकास." ती खाली वाकली. "धरा जरा. सरळ धरा हं, हलू देऊ नका, माझी आयटीआयच्या बाहेरची पहिली वेल्ड आहे." मी दांडा धरला. मान वळवून घेतली, कारण तो उजेड डोळ्यांना बघवत नाही. झोप झालेली नव्हती, तरी मी जीव एकवटून तो सरळ धरला. वेल्ड इतकी सुरेख बसली की तिच्या सरांनी नंतर बोट फिरवून बघितली.

सांगता आलं असतं. कितीदा वाटलं. "कोमल, ते झोपणारे आम्ही होतो ग." एवढंच तर वाक्य. पण तिच्या पायांना त्या दिवसांत पंख फुटले होते. जी मुलगी मार्चमध्ये थरथरत घरी आली होती, तिला आता चौकातली माणसं नावाने हाक मारत होती. आमच्या घरात कोणाचं काही असं झालेलं नव्हतं. आणि त्यापुढे माझी झोप म्हणजे काय? झोप ही काय बापाने मुलीकडे मागायची वस्तू आहे का? मी मनाशी म्हणायचो, उन्हाळाच तर आहे, निघून जाईल. मला राग येत असे तो स्वतःच्या डोळ्यांचा. साधं मिटायचं काम, तेही त्यांना जमत नव्हतं.

आमची पांगापांग झाली. कोणी नव्या पुलाखाली गेलं, कोणी मंगल कार्यालयाच्या मागे, तिथून हाकलल्यावर नाल्याच्या काठाला. मी घरीच पडायचो. बायकोला सांगितलं, नामदेवच्या खोलीवर पाहुणे आलेत. ती मशीन बंद ठेवून ओल्या साडीने दार झाकायची, उशाशी बसून पुठ्ठ्याने वारा घालायची. तिचीही दुपारची झोप मी घालवली. डोळे मिटले की आत लाल दिसायचं. वर पत्रा वाजत राहायचा. कधीकधी दुपारी उठून मी बागेत चक्कर मारायचो. ऊन. कोरं करकरीत ऊन, रंगवलेले बाक, नुकती लावलेली रोपं माना टाकून उभी. बाकावर बसायचो. बसायला उत्तम होते, खोटं कशाला बोलू. मान एकदा डावीकडे पडायची, एकदा उजवीकडे.

संध्याकाळी मात्र ती बाग खरोखर बघण्यासारखी व्हायची. दिवे लागायचे. आमच्या ओळीतल्या बायका, ज्यांनी आयुष्यात फिरायला म्हणून घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं, त्या पदर खोचून फेऱ्या मारायच्या. मुली मोठमोठ्याने हसायच्या. माझी बायकोसुद्धा जायला लागली. तात्या एका बाकावर ठाण मांडून बसायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला हरभऱ्याची गोष्ट सांगायचे. मी कंपनीच्या बसची वाट बघत चौकात उभा असायचो आणि तिथून ते दिवे दिसायचे. मला अभिमान वाटायचा. अभिमान वाटायचा आणि डोळ्यांची आग व्हायची, दोन्ही एकाच वेळी.

ज्या रात्री ते झालं, त्या रात्रीचं मी काही लिहिणार नाही. प्रेसवर उभ्या उभ्या डोळा लागला. एवढंच. उजव्या हाताची अंगठ्याजवळची बोटं गेली. आता पेन डाव्या हाताने धरतो, हेही त्याच हाताने लिहितोय. कंपनीत सगळ्यांना माहीत होतं, डुलकी लागली. घरी मी सांगितलं, मशीनमध्ये बिघाड होता. कोमल दवाखान्यात पलंगाच्या कडेला बसली होती. दोन दिवसांनी बागेचं रीतसर उद्घाटन होतं, ती जायला तयार नव्हती. मी तिला रागावून पाठवलं. तिच्या मागोमाग नामदेव भेटायला आला. तो बराच वेळ माझ्या पायाशी बसला, मग म्हणाला, "झोप लागती का आता?" मी म्हणालो, "लागते. गोळ्या देतात." तो उठून बाहेर गेला. त्या पावसाळ्यात तो गावी निघून गेला, पुन्हा काही कळलं नाही.

मला स्टोअरमध्ये दिवसपाळी मिळाली. म्हणजे बघा, जे साधं बोलून मिळालं नसतं ते हात देऊन मिळालं. त्यावर मी पुष्कळ विनोद करतो. लोक हसतात. कोमल हसत नाही. मला वाटायचं, तिचा स्वभावच गंभीर होत चाललाय, नोकरी लागली की मुलं होतात तशी.

ती आता चाकणच्या एका कंपनीत वेल्ड शॉपला आहे. मुलींनाही रात्रपाळी असते. त्या आठवड्यात तिची रात्र होती. त्या गुरुवारी, पत्रा वाजला त्याच सकाळी, ती घरी आली, हातपाय धुतले, आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात चटई टाकली. इतक्यात दाराशी पोरं आली. नवी पोरं, कोवळी, अंगात एकसारखे टी-शर्ट. त्यांना नाल्याकाठचा पट्टा साफ करायचाय. तिथे फुलझाडं लावायची, बाक बसवायचे, आणि आमच्या भागात बाग म्हटली की कोमलताईंचं नाव निघतं, म्हणून सल्ला घ्यायला आले होते. कोमल दारातच बसली. डोळे लाल. एका मुलीने मोबाइलवर चित्र दाखवलं. "ताई, बाक सेम तुमच्यासारखे करणार. मध्ये दांडा. ती आयडिया भारी आहे."

कोमल चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तिथं दुपारी कोण झोपतं, विचारलंत?"

पोरं हसली. "विचारायचं काय ताई? पडीक असतात. दारुडे."

"माझे पप्पा झोपायचे," कोमल म्हणाली.

मी आतल्या बाजूला भिंतीला टेकून होतो. पोरांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे, मग दुसरीकडे. कोमल त्यांना सावकाश सांगत राहिली, रात्रपाळी म्हणजे काय, सकाळी बस कुठे सोडते, पत्र्याखालची खोली किती तापते. आवाज चढवला नाही. झाडं राहू द्या आणि दांडे नकोत, एवढंच शेवटी म्हणाली. एक मुलगा म्हणाला की जेसीबी ठरलाय आता. पोरं उठून बाहेर गल्लीत गेली.

ती आत आली, माझ्याकडे पाठ करून चटईवर आडवी झाली. मी विचारलं, "कधी कळलं तुला?"

"नामदेवकाकांनी सांगितलं होतं. दवाखान्याच्या जिन्यात. तेव्हाच."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस ग?"

मला वाटलं झोपली.

"तुम्ही म्हणालात ना, मशीन बिघडलं होतं," ती म्हणाली आणि तोंडावरून ओढणी घेतली.

बाहेर गल्लीत पोरांची जुंपली होती. कोणी म्हणत होतं झाडं ठेवू, कोणी म्हणत होतं मग मुलींनी तिथून जायचं कसं, सगळेच एकदम तावातावाने. वर पत्रा तापत चालला होता. मी उठलो, बाहेर आलो, मागे दार ओढून घेतलं. मला बघून पोरं एकदम थांबली. त्यांना वाटलं असावं, आता काका काहीतरी सांगणार. मी म्हणालो, "जरा हळू बोला रे. माझी पोरगी नाईट करून आलीय. तिला झोपू द्या."